जुनी बंदूक आणि रानाची दीक्षा

शिकारीच्या पुस्तकांविषयीं आपल्या सुशिक्षित वाचकवर्गाचें मत बहुधा अगोदरच ठरलेलें असतें. तीं पुस्तकें करमणुकीचीं खरीं, पण त्यांची गणना वाङ्मयांत करूं नये, असें एक पक्ष म्हणतो. मुलांच्या हातीं तीं पडलीं तर मुलें धीट होतील, पण दयाळू होणार नाहींत, असें दुसरा म्हणतो. आणि तिसरा पक्ष, जो आजच्या काळीं सर्वांत प्रबळ आहे, तो विचारतो कीं, ज्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची वाट बंद होत गेली, त्या देशांत शिकाऱ्यांच्या आठवणी पुनःपुन्हां छापून कोणाचें काय हित साधणार? या तिन्ही आक्षेपांना एका दमांत उत्तर देण्याचा आमचा विचार नाहीं. त्यांपैकीं दुसऱ्यांत तर बरेंच तथ्य आहे, असेंच आम्ही समजतों.

तथापि जगाच्या वाङ्मयांत एक प्रकारची कथा अशी आहे कीं, ती वरवर शिकारीची दिसली तरी वस्तुतः शिक्षणाची कथा असते. तींत एक मुलगा असतो, त्याच्याहून वडील असा कोणी जाणता असतो, एक जुनी बंदूक असते आणि गांवाच्या पलीकडे रान असतें. जाणता मनुष्य मुलाला रानाच्या कडेपर्यंत पोंचवितो आणि मागें सरतो. पुढें काय घडतें यावर त्या कथेची योग्यता ठरते. मुलगा नुसती शिकार घेऊन परतला तर ती कथा करमणुकीची. तो स्वतः पालटून परतला तर ती वाङ्मयाची. या कसोटीला उतरणारीं तीन पुस्तकें आम्हीं येथें विचारासाठीं घेतलीं आहेत: जिम कॉर्बेटचें ‘जंगल लोअर’ (१९५३), विल्यम फॉक्नरच्या ‘गो डाऊन, मोझेस’ (१९४२) या ग्रंथांतील ‘द बेअर’ ही दीर्घकथा, आणि सलीम अलींचें आत्मचरित्र ‘द फॉल ऑफ ए स्पॅरो’ (१९८५). तिन्हींना आमचा प्रश्न एकच आहे. मुलाच्या हातीं बंदूक दिल्यानें त्याला रान कळतें काय. आणि कळत असेल, तर तें बंदुकीमुळें कळतें, कीं बंदूक असूनहि कळतें?

प्रथम बंदुकीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण केवळ एक सुंदर वस्तु म्हणूनहि तिचा मोह समजण्यासारखा आहे. यूरोप-अमेरिकेंत जुन्या छऱ्यांच्या बंदुका जमविणारे रसिक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या आवडीची टर उडविण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. स्कॉटलंडांतील बेलहेल्व्ही येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला कीं अगोदर ठिणगी व धूर उठे, आणि छरे पोंचण्यापूर्वींच पाखरूं सावध होऊन निघून जाई. या अडचणीवर उपाय शोधतां शोधतां त्यानें आघातानें पेट घेणाऱ्या द्रव्याची योजना केली आणि १८०७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. एका पाखराच्या चपळाईनें बंदुकीचा सारा इतिहास पालटला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. लंडनचा जोसेफ मँटन (१७६६–१८३५) यानें दुनळी बंदुकीला डौल दिला. त्याच्या हाताखालीं तयार झालेल्या जेम्स पर्डीनें १८१४ सालीं आपलें स्वतंत्र दुकान थाटलें. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्यांना पीळ देऊन, त्या गजाभोंवतीं गुंडाळून व तापवून सांधलेल्या दमास्कस नळ्यांवर पाण्याच्या तरंगांसारखी जी नक्षी उमटते, ती पाहणाराची दृष्टि खिळवून ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी, जास्त जोराची दारू प्रचारांत आली आणि या नळ्यांचें राज्य संपलें; पण त्यांचें सौंदर्य संपलें नाहीं.

असें असूनहि संग्राहकाच्या भिंतीवरील बंदूक व रानांतील बंदूक यांत एक मूलभूत भेद आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यांत जुनाट घाटाच्या अथवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्राला जी सूट मिळते, ती अशा अटीवर कीं, दुरुस्त करूनहि त्यांतून बार निघतां कामा नये. कायद्यानें हें आपल्या सोयीसाठीं लिहिलें असेल. पण संग्रहाचें सारें मर्म त्यांत येऊन गेलें आहे. जी वस्तु कोणाला कांहींहि करूं शकत नाहीं, तिच्याविषयीं कोणाला जबाबदारहि राहावें लागत नाहीं. संग्राहक बंदुकीचें रूप राखतो, तिच्या कारागिरांची नांवें राखतो, आणि हें काम कोणीं तरी केलेंच पाहिजे. परंतु त्या बंदुकीनें एखाद्या मुलाला जें शिकविलें तें त्याच्या कपाटांत राहत नाहीं. तें राहिलें असेल तर पुस्तकांत राहिलें आहे. आणि म्हणूनच आपण आतां पुस्तकांकडे वळूं.

कॉर्बेटचें नांव आपल्या वाचकांस ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ मुळें ठाऊक असतें. हें पुस्तक १९४४ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनें प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्या जागतिक कीर्तीचा आरंभ आपल्याच मुंबईत झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पण त्याच्या लेखनाचें मूळ पाहावयाचें असेल तर ‘जंगल लोअर’ कडेच गेलें पाहिजे. नैनिताल येथें १८७५ सालीं जन्मलेला, लहानपणींच पित्याला मुकलेला आणि हिंवाळ्यांत काळाढुंगीच्या रानाजवळ राहणारा हा मुलगा पायरीपायरीनें शस्त्र हातीं घेतो. प्रथम बेचकी, मग खडे मारण्याचें धनुष्य, मग बाणांचें धनुष्य आणि त्यानंतर एक ठासणीची दुनळी बंदूक. या बंदुकीचें वर्णन वाचून संग्राहक नाक मुरडील. तिची एक नळी फाटलेली होती, दस्ता मोडलेला होता, आणि सगळा सांगाडा पितळी तारेच्या वेढ्यांनीं कसाबसा एकत्र बांधलेला होता.

आमच्या मतें या पुस्तकाचा खरा नायक ही फुटकी बंदूक होय. ठासणीची बंदूक भरणें म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकास सहसा नसते. दारू मोजून ओतावयाची, तिच्यावर बोळा ठासावयाचा, मग छरे, पुन्हां बोळा, आणि शेवटीं टोपी बसवावयाची. इतकें करीपर्यंत चुकलेली शिकार टेकडीपलीकडे गेलेली असते. त्यांतून दोन नळ्यांपैकीं एकच कामाची! ज्याच्याजवळ एकच बार आहे, त्याला तो झाडण्यापूर्वीं वारा कोणत्या बाजूनें वाहतो, वानर कशासाठीं ओरडलें, मोर एकाएकीं गप्प कां झाला, हें समजून घ्यावें लागतें. साधनाच्या दारिद्र्यानें दृष्टीला श्रीमंती आणली. रानाचें ज्ञान हें पाठ्यपुस्तकांतून येत नाहीं, तें थोडें थोडें अंगांत मुरावें लागतें, असें कॉर्बेट सांगतो. तें मुरण्याला लागणारा वेळ त्याला या बंदुकीनें सक्तीनें दिला.

बंदुकीहूनहि मोठी गोष्ट या पुस्तकांत आहे, ती भीतीची. डॅन्से नांवाचा एक आयरिश माणूस लहान मुलांना रडणाऱ्या भुताच्या गोष्टी सांगून त्यांच्या मनांत धडकी भरवीत असे. पुढें एका वाऱ्याच्या दिवशीं जिमनें रानांत तो आक्रोश प्रत्यक्ष ऐकला. तो पळाला असता तर कोणी त्याला हंसलें नसतें. पण तो आवाजाच्या रोखानें गेला. आणि त्यानें काय पाहिलें, तर एक झाड दुसऱ्यावर कलून त्या दोहोंची सालपटें वाऱ्यानें घांसत होतीं. हा प्रसंग कॉर्बेटनें कोणताहि नाट्यमय आव न आणतां सांगितला आहे, आणि आमच्या मतें त्याच्या साऱ्या लेखनांत याहून महत्त्वाचें पान क्वचितच सांपडेल. पुढें नरभक्षकाच्या मागावर एकटा जाणारा मनुष्य या ठिकाणीं घडला. येथें बंदुकीचें काय काम झालें? भूत तर तिनें मरत नाहीं. भीतीचें कारण जवळ जाऊन पाहावें, ही संवय हेंच खरें शस्त्र होतें. थोरला भाऊ टॉम यानें त्याला अस्वलांच्या रानांत एकट्याला बसवून ठेवलें, तेंहि याच शिक्षणाचा भाग म्हणून. आजच्या पालकांस ही रीत कठोर वाटेल, आणि तिचें अनुकरण करावें असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं. पण मुलाच्या ठिकाणीं कांहीं सामर्थ्य आहे असा विश्वास तिच्या मुळाशीं होता, हें नाकारतां येणार नाहीं.

कॉर्बेटची दुसरी एक बंदूक जगप्रसिद्ध आहे. ४३६ माणसांचे बळी जिच्या नांवावर मांडले जातात त्या चंपावतच्या वाघिणीला त्यानें मारिलें, म्हणून १९०७ सालीं संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्याला रिग्बी कंपनीची रायफल अर्पण केली. दस्त्यावर चांदीचा पत्रा असलेली ती रायफल पुढें त्याच्या प्रकाशकांकडे गेली आणि २०१५ सालीं ज्या कारखान्यांत ती जन्मली त्याच कारखान्याकडे परत आली. संग्राहकांनीं तिचें दर्शन घेतलें हें योग्यच झालें. पण पुस्तकाच्या दृष्टीनें पाहतां ती रायफल हें बक्षिस आहे, आणि पितळी तारेनें बांधलेली बंदूक हा गुरु आहे. जग बक्षिसें जपतें. गुरूला जपण्याचें काम वाङ्मयाला करावें लागतें.

कॉर्बेटच्या पुस्तकाचे दोषहि सांगितले पाहिजेत. त्यांत रचना अशी नाहीं. आठवणी जशा सुचल्या तशा येतात आणि मध्येंच वाट सोडून जातात. त्याहून मोठी उणीव अशी कीं, लहानपणीं मारलेल्या पाखरांविषयीं लेखकाचें मन त्याला फारसें टोंचीत नाहीं. पक्ष्यांचे त्यानें सहा वर्ग केले आहेत: सृष्टीच्या बागेला शोभा आणणारे, गाणारे, झाडांची वाढ करणारे, धोक्याची सूचना देणारे, समतोल राखणारे आणि मेलेलें साफ करणारे. हे वर्ग शास्त्रज्ञाचे नसून रानांत वावरणाऱ्या मुलाचे आहेत, आणि म्हणून ते मोलाचे आहेत. पण ज्याला पक्ष्यांचें प्रत्येक काम दिसलें, त्याला त्यांचा वध किती सहज वाटत होता, याचाहि विस्मय वाचकास झाल्यावांचून राहत नाहीं.

फॉक्नरची कथा याच ठिकाणीं कॉर्बेटच्या पुढें जाते. मिसिसिपीच्या रानांत ओल्ड बेन नांवाचें एक प्रचंड अस्वल आहे. आइक मॅकॅस्लिन हा दहा वर्षांचा मुलगा मेजर द स्पेन याच्या शिकारी छावणींत प्रथम येतो, तेव्हां त्याच्या हातांत दुसऱ्याची, त्याला न पेलणारी बंदूक असते. सॅम फादर्स हा त्याचा गुरु. चिकसॉ सरदार व गुलाम स्त्री यांचा हा पुत्र. अस्वल आपल्याला पाहतें पण आपल्याला तें दिसत नाहीं, याचें कारण बंदूक आहे, असें सॅम त्याला सुचवितो. मुलगा बंदूक छावणींत ठेवून निघतो. नऊ तास चालूनहि अस्वल दिसत नाहीं; तेव्हां त्याला उमगतें कीं, घड्याळ व होकायंत्र अजून जवळ आहेत. तींहि तो झुडुपाला अडकवून ठेवतो. मग तो वाट चुकतो, आणि वाट चुकल्यावरच तें अस्वल क्षणभर त्याच्यापुढें उभें राहतें. पुढें एकदां बंदूक हातांत असतां तेंच अस्वल त्याच्या अगदीं जवळ येतें. पण एक लहानसा कुत्रा त्याच्यावर धांवून जात असतो, आणि मुलगा बंदूक टाकून त्या कुत्र्याला वांचवावयास धांवतो. बंदूक हातीं असणें ही शिक्षणाची पहिली पायरी, आणि ती खालीं ठेवतां येणें ही दुसरी, हें या कथेंत जितकें स्पष्ट झालें आहे तितकें अन्यत्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

याच कथेंत जुन्या बंदुकीविषयींचें एक विलक्षण वाक्य आहे. आइकला पुढें स्वतःची बंदूक मिळते, आणि तो ती सुमारें सत्तर वर्षें वापरतो. तेवढ्या काळांत नळ्या व चापाची यंत्रणा दोनदां बदलतात, दस्ता बदलतो. शेवटीं मूळ बंदुकीपैकीं चापाभोंवतींचें रुपेरी कडें तेवढें उरतें, ज्यावर त्याचें व ती देणाऱ्या वडीलधाऱ्या भावाचें नांव आणि १८७८ हें साल कोरलेलें असतें. संग्राहकाच्या हिशेबीं या बंदुकीला कांहीं किंमत नाहीं, कारण तिचा एकहि महत्त्वाचा भाग मूळचा नाहीं. आइकच्या हिशेबीं ती तीच बंदूक आहे, कारण देणाराचें व घेणाराचें नांव एकत्र असलेलें कडें शाबूत आहे. बंदुकीचें बंदूकपण कशांत आहे याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु फॉक्नर आपल्याला या समाधानांत राहूं देत नाहीं. आइक संयम शिकला, पण त्याच्या संयमानें रान वांचलें नाहीं. मेजर द स्पेन झाडें तोडण्याचा हक्क लांकडाच्या कंपनीला विकतो आणि रानांत आगगाडी येते. कथेच्या शेवटीं बून नांवाचा शिकारी एका झाडाखालीं बसून आपल्या मोडलेल्या बंदुकीचा एक भाग दुसऱ्यावर वेड्यासारखा आपटीत आहे. वर खारींची धांदल उडाली आहे, आणि त्या साऱ्या आपल्या आहेत, कोणी हात लावूं नये, असें तो ओरडत आहे. ज्या माणसाची बंदूक निकामी झाली आहे तोच मालकीचा पुकारा सर्वांत मोठ्यानें करतो, हें चित्र विसरतां येत नाहीं. कथेच्या चौथ्या भागांतील लांबच लांब वाक्यें वाचकाची कठीण परीक्षा पाहतात, आणि तो भाग मुलांच्या हातीं देण्याजोगा मुळींच नाहीं. पण प्रौढ वाचकानें तो टाळूं नये, कारण रानाची कथा जमिनीच्या मालकीच्या व गुलामगिरीच्या कथेपासून सुटी करतां येत नाहीं, हें त्याच भागांत सांगितलें आहे.

आणि हें सांगणें आपल्याला अधिकच लागू आहे. आइकच्या बंदुकीवर जें १८७८ साल कोरलें आहे, त्याच सालीं हिंदुस्थानांत दोन कायदे झाले. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील शस्त्रांच्या कायद्यानें एतद्देशीय माणसाला परवान्यावांचून बंदूक बाळगणें अशक्य केलें, आणि यूरोपियनांस मात्र त्यांतून सूट दिली. त्याच वर्षींच्या वनांच्या कायद्यानें सरकारनें राखलेल्या रानांत शिरणें, गुरें चारणें, लांकूड तोडणें व शिकार करणें यांवर निर्बंध आले. कॉर्बेट त्या वेळीं तीन वर्षांचा होता. त्याच्या हातीं बंदूक आली आणि काळाढुंगीचें रान त्याला अंगणासारखें झालें, याचें श्रेय त्याच्या गुणांना आहेच. पण तें त्याच्या जन्मालाहि आहे. त्याचा एक गुरु कुंवरसिंग, चांदनी चौक नांवाच्या खेड्याचा मुखिया, याची हकीकत ‘माय इंडिया’ (१९५२) या पुस्तकांत आली आहे. तो जातीनें ठाकूर आणि चोरून शिकार करण्यांत त्या भागांत अग्रेसर. बंदूक घेऊन रानांत निर्भय हिंडावयाचें असेल तर अगोदर झाडावर चढावयास शीक, हा त्याचा मुलाला पहिला पाठ. ज्याच्याजवळ ज्ञान होतें तो कायद्याच्या दृष्टीनें चोर ठरला, आणि ज्यानें तें त्याच्यापासून घेतलें तो पुढें जगांत रानाचा जाणता म्हणून मान्य झाला. कॉर्बेटनें कुंवरसिंगाविषयीं प्रेमानें व कृतज्ञतेनें लिहिलें आहे, यांत शंका नाहीं. पण हा चोर कोणीं केला, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं. तो वाचकानें विचारला पाहिजे.

तिसरें पुस्तक आपल्या घरचें आहे. मातापित्यांवांचून गिरगांवच्या खेतवाडींत मामांच्या छत्राखालीं वाढलेल्या सलीम अलींच्या (१८९६–१९८७) हातीं हवेची बंदूक होती. चिमण्या मारणें हा त्यांचा लहानपणचा खेळ. एके दिवशीं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हें पाखरूं खाण्यास चालेल कीं नाहीं, अशी शंका आल्यामुळें तें मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें ठेवण्यांत आलें. मामा स्वतः शिकारी, आणि १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनीं पुतळ्यासारखें ‘ठाऊक नाहीं’ म्हणून विषय संपविला नाहीं. सोसायटीचे सन्मान्य चिटणीस डब्ल्यू. एस्. मिलर्ड यांच्या नांवें चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठविलें. मिलर्डनीं पक्षी ओळखला, आणि इतक्यावर न थांबतां सोसायटींतील पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले व वाचावयास पुस्तकें दिलीं. भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय त्या खणांतून सुरू झाला.

या प्रसंगाचें मर्म असें कीं, बंदुकीनें पाखरूं खालीं पाडलें; पण प्रश्न तिनें निर्माण केला नाहीं. प्रश्न पिवळ्या डागानें निर्माण केला, आणि तो जिवंत राहिला तो दोन वडील माणसांमुळें. मामा रागावले असते, अथवा मिलर्ड गडबडींत असते, तर एक मेलेली चिमणी इतकाच त्या दिवसाचा हिशेब राहिला असता. सलीम अलींनीं पुढेंहि संशोधनासाठीं पक्षी मारिले आणि तें लपविलें नाहीं. त्यांच्या आत्मचरित्राची भाषा कोरडी, थट्टेखोर आणि हळवेपणाला विन्मुख आहे. ज्यांना पक्षिप्रेमाच्या नांवाखालीं अश्रू पाहिजे असतील त्यांची येथें निराशा होईल. पण प्रामाणिकपणाची गोडी असणाराला हें पुस्तक पुनःपुन्हां वाचावेंसें वाटेल.

तिन्ही पुस्तकें एकत्र ठेवून पाहिलीं असतां आमच्या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागतें. तिन्हीं ठिकाणीं बंदूक ही उंबरठा आहे, घर नव्हे. कॉर्बेट पुढें सिनेकॅमेरा घेऊन वाघांच्या मागें हिंडला. आइकनें बंदूक खालीं ठेवली. सलीम अलींच्या हातीं दुर्बीण व टिपणवही आली. परंतु उंबरठा ओलांडला गेला म्हणून तो निरुपयोगी होता असें म्हणतां येत नाहीं. त्या बंदुकीनें मुलाला तीन गोष्टी दिल्या: साधनाची टंचाई, आपल्या कृत्याची जबाबदारी, आणि विचारावयास एक वडील माणूस. यांपैकीं एकीसाठींहि रक्तपाताची आवश्यकता नाहीं, हें उघड आहे. मात्र बंदूक काढून घेतल्यावर या तीन गोष्टी आपोआप उरतात, असा जो समज आज रूढ झाला आहे, तो चुकीचा आहे.

आपल्या ताडोबाचेंच उदाहरण घ्यावें. हें रान १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें मुलें येतात, उघड्या गाडींत बसतात, ठराविक वेळांत ठराविक रस्त्यानें हिंडतात आणि वाघ दिसला तर त्याचीं शेंकडों छायाचित्रें घेऊन परततात. कोणताहि जीव मारला जात नाहीं, ही मोठीच गोष्ट होय, आणि तिच्यावर पाणी सोडावें असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. परंतु टंचाई तेथें नाहीं, कारण छायाचित्राला मोल पडत नाहीं. जबाबदारी नाहीं, कारण गाडी दुसरा हांकतो. आणि वडील माणूस असला तरी त्याला वाघ दाखविण्याची घाई असते. वाघ न दिसला तर मुलाला दिवस फुकट गेला असें वाटतें. ज्या मुलाला रानांतला रिकामा दिवस फुकट वाटतो, त्याला रान अजून भेटलेलेंच नाहीं.

उपाय कठीण नाहीं, पण तो मंद आहे. मुलाला पायीं न्यावें, थोड्यांबरोबर न्यावें, आणि एकाच रानांत पुनःपुन्हां न्यावें. त्याच्या हातीं वही द्यावी आणि एका दिवसाला एकच पान भरावयास सांगावें, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा गुण त्या वहींत उतरेल. आणि मुख्य म्हणजे त्याला तेथील माणसाच्या हातीं सोंपवावें. वनखात्यांत आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्लींनीं (१९३२–२०२५) मराठींत जें रान आणिलें, तें रानांत राहणाऱ्यांचे शब्द ऐकूनच आणिलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ सालीं आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांपैकीं तें एक आहे. १८७८ सालीं कुंवरसिंगासारख्यांकडून जें हिरावून घेतलें गेलें, त्यांतील कांहीं अंश असा परत येत आहे. शहरांतील मुलाला रानाची दीक्षा देण्याचा अधिकार प्रथम या लोकांचा आहे, आणि तो त्यांना मानानें व मोल देऊन दिला पाहिजे.

आरंभींच्या आक्षेपांपैकीं दुसऱ्याला आतां उत्तर देतां येईल. हीं पुस्तकें मुलांस द्यावींत काय? ‘जंगल लोअर’ व सलीम अलींचें आत्मचरित्र अवश्य द्यावें. फॉक्नर वय वाढल्यावर द्यावा. परंतु तीं देऊन मोकळें होऊं नये. मूल वाचीत असतां पाखरांच्या मृत्यूविषयीं तें कांहीं विचारील, कुंवरसिंगाविषयीं विचारील, आणि न विचारलें तर आपण विचारावें. पुस्तक हेंहि एका अर्थीं जुन्या बंदुकीसारखेंच आहे: तें कोणाच्या हातून मिळालें आणि देणारा त्या वेळीं जवळ थांबला कीं नाहीं, यावर पुष्कळसें अवलंबून असतें.